रतन नावाचं फंक्शन

शाळेच्या दाखल्यावर पिंकी हे नाव चढलं, तेव्हा ही पोरगी पुढं इंजिनियर होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. घरात लाडानं मारायची हाक होती, मास्तरांनी तीच लिहून घेतली. आज वराळ्याच्या पुढच्या एका कंपनीत तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'पिंकी अंबाजी ओव्हाळ' असं छापलेलं आहे. नवीन माणूस ते वाचून गालातल्या गालात हसतो आणि पिंकी त्याला मनसोक्त हसू देते. तिला त्याचं काही वाटत नाही. वाटण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी तिच्याकडे भरपूर आहेत.

कंपनी फिल्टर बनवते. गाडीच्या तेलाचे, हवेचे, कारखान्यातल्या पाण्याचे. पिंकीचं काम मात्र कारखान्यात नाही, वरच्या मजल्यावर, एसीत. तिथं फिल्टर बनवायच्या आधी तो संगणकावर चालवून बघतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं तसं फिल्टरचं कापड, एकेक तंतू, पडद्यावर रचायचं. त्यातून पाणी सोडायचं, पाण्यात धुळीचे कण सोडायचे आणि कोण कुठं अडकतं ते बघत बसायचं. रतनबाईंनी, म्हणजे पिंकीच्या आईनं, एकदा विचारलं होतं, "दिसभर करतीस तरी काय गं तितं?" पिंकी म्हणाली, "गाळते." "काय गाळतीस?" "पानी." "मंग हितं काय वायलं करतो आमी?" रतनबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

हे सॉफ्टवेअर परदेशी. त्याला धूळ ठाऊक होती ती तिकडची. गोल, गुळगुळीत, आपापल्या वाटेनं जाणारे कण. मावळातली माती अशी शहाण्यासारखी वागत नाही. पण सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं. आमचे नियम पटत नसतील तर तुमचा नियम तुम्ही लिहा आणि आत सोडा. मग कण तंतूला टेकला रे टेकला की सॉफ्टवेअर तुमच्या त्या नियमाला, म्हणजे फंक्शनला, विचारणार, ह्याला थांबवू की जाऊ देऊ? तुमचं फंक्शन सांगेल ते होणार. ऑफिसातल्या बाकीच्यांना ही कटकट वाटायची. तयार नियम असताना हात कोण भाजून घेणार! पिंकीला मात्र ते दार बघितल्यापासून चैन पडेना. इतकं मोठं परदेशी सॉफ्टवेअर आणि ते आपल्याला विचारून पुढं जाणार, ह्यातली गंमत ज्याला आयुष्यात फारसं कुणी काही विचारलेलं नाही त्यालाच कळते.

संधीही लगेच चालून आली. कंपनीनं गावासाठी काही करायचं ठरवलं. पावसाळ्यात गढूळ पाणी पिणाऱ्या एका वस्तीला मोठा फिल्टर बसवून द्यायचा. दोन नावं पुढं आली. एक वलवणकडचं गाव आणि दुसरी कान्ह्यावरून आत, आंदर मावळात, पिंकीचीच वस्ती. तिथं ओढ्याच्या डोहातलं पाणी मोटारीनं टाकीत चढतं आणि आषाढात नळाला चहाच येतो म्हणायचा, फक्त दूध-साखर नसते. शुभदा मॅडम, पिंकीच्या विभागप्रमुख, तिला म्हणाल्या, "तुमच्याकडची माती वेगळी आहे म्हणतेस ना? मग लिही तुझं फंक्शन. दाखव मला, की आपला फिल्टर तिथं पावसाळा काढेल. काढला तर तो कायमचा तिथंच राहील, देखभाल कंपनीची. नाही काढला तर वलवणकडचे वाट बघतच आहेत."

पिंकी हुरळून गेली. हुरळणारच. ज्या पाण्यानं तिचं बालपण दर पावसाळ्यात पोट धरून गेलं, ते पाणी आता तिच्या हातात आलं होतं.

फंक्शन लिहायचं तर खरी माती हवी. पिंकी वराळ्यात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची, घरी जायची रविवारी. आणि पाण्याला रविवार कळत नाही. ते मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सर्वांत गढूळ येतं. म्हणून तिनं आईला फोनवर सांगितलं, "पानी लय गढूळ आलं की एक बाटली भरायची आन् श्रीपती आबांकडं द्यायची. हापिसात तपासायचंय." श्रीपती आबा म्हणजे वरच्या आळीतले शेतकरी. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून रोज तळेगावात दूध घालायचे. वाटेवर पिंकीची खोली. आबांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. प्रत्येक मोठ्या पावसानंतर बाटली येत गेली.

त्या बाटल्यांत पिंकीला जे दिसलं त्यानं ती वेडीच व्हायची राहिली. गढूळपणा अपेक्षेपेक्षा फारच कमी भरला, पण बाटली भरायच्या आधी गाळ भांड्यातच बसला असेल, असं तिनं धरलं आणि मातीचं प्रमाण हिशेबात वाढवून घेतलं. खरी मौज होती ती सूक्ष्मदर्शकाखाली. सुटे कण जवळपास नव्हतेच. माती एकमेकांना बिलगून, सैल, मऊ झुबके करून बसलेली. आणि एका बाटलीत नाही, प्रत्येक बाटलीत. असे झुबके फिल्टरच्या आत शिरत नाहीत. ते वरच्या वर थर धरतात आणि थर सैल असल्यामुळं पाणी त्यातून वाट काढत राहतं. म्हणजे फिल्टर तुंबायला उशीर. पिंकीनं हाच स्वभाव फंक्शनमध्ये उतरवला. संगणकावर आभाळ फुटेस्तोवर पाणी सोडलं, फिल्टर हूं की चूं न करता पावसाळा पार करून गेला.

फंक्शनला नाव द्यावं लागतं. बाटल्या आईनं पाठवल्या होत्या, म्हणून तिनं नाव दिलं 'रतन'. शुभदा मॅडमनी सादरीकरणात ते नाव वाचलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिंकीनं घरी फोन करून सांगितलं, "आई, तुज्या नावानं साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या." रतनबाईंना त्यातलं कळलं तेवढं कळलं. "बाटल्या पसंत पडल्या म्हन की," त्या म्हणाल्या. आवाजात केवढं समाधान होतं.

पुढच्या वर्षी पाऊस लागायच्या आधी फिल्टर वस्तीवर आला. विहाराशेजारच्या टाकीला जोडला. स्टीलची टोपली, आत चुण्या घातलेलं पांढरं कापड, वर कंपनीची पाटी. श्रीपती आबा मुद्दाम बघायला आले आणि म्हणाले, "रतनबाय, तुजी पोर लय पुढं गेली." रतनबाईंनी पदर सावरून नुसती मान हलवली, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या वस्तीला गूळ वाटला.

आषाढाचा पहिला दणका बसला आणि नळ बारीक झाले. दुसऱ्या दणक्याला बंदच पडले. फिल्टर असा तुंबला की टाकी वरून भरभरून वाहतेय आणि नळाला थेंब नाही. बायका हंडे घेऊन पावसात ओढ्यावर. शेवटी कुणीतरी फिल्टर वगळून पाणी सरळ नळाला सोडलं आणि परत तो चहा सुरू झाला. "कंपनीनं आमास्नी येडं बनवलं," असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं, "अंबाजीच्या पोरीनं बनवलं." हे बोलणं फोनवरून पिंकीपर्यंत आलं. ऑफिसात बैठकीत वेगळ्या भाषेत तेच झालं. पडद्यावर एक ओळ होती, 'रतन चुकीचं ठरलं.' पिंकी ती ओळ बघत बसली. आईचं नाव, आणि शेजारी चुकीचं.

शुभदा मॅडम म्हणाल्या, "अजून एक नमुना मागव. निर्णय घ्यायच्या आधी मला बघू दे."

पिंकीनं फोनवर आईला बाटली भरायला सांगितलं, पण या वेळी तिची वाट बघत थांबली नाही. सुट्टी टाकली आणि भर पावसात स्वतःच घरी गेली. दारात चप्पल काढता काढता तिला आई दिसली. रतनबाई पातेल्यात नळाचं पाणी घेऊन बसल्या होत्या आणि हातातली तुरटी त्यात गोल गोल फिरवत होत्या. मग झाकण ठेवलं. दुसरं पातेलं आधी निवळून तयार होतं. त्याच्यावरचं पाणी त्यांनी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून अलगद गाळलं आणि कंपनीच्या बाटलीत भरलं. बाटली उजेडाला धरून बघितली. पसंत पडली.

पिंकीला मात्र त्या उजेडात फडक्यातून निसटलेले बारीक पुंजके आत तरंगताना दिसले. झुबके! तुरटीनं मातीचे झुबके होतात हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तिनं वर्षभर जी माती म्हणून अभ्यासली ती आईची तुरटी होती. खरी माती, ती बारीक, सुटी, फिल्टरच्या कापडात खोलवर शिरून बसणारी, तिच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

"आई, काय करतीस?"

रतनबाई दचकल्या, मग हसल्या. "तुजीच बाटली भरतीया."

"मी गढूळ पानी पाठव म्हनले हुते ना गं."

"व्हय. गढूळ आलं की पाठव म्हनली हुतीस. गढूळ आलं, पाठवलं."

"तसंच पाठवायचं हुतं. जसं हाय तसं."

रतनबाईंनी पोरीकडं असं बघितलं, जणू विचारत होत्या, हिला एवढं शिकवून काय उपयोग झाला. "तसलं पानी? श्रीपती आबांच्या हातात देऊ? तुज्या साहेबांफुडं ठिवू?" त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, तुरटी फडक्यानं पुसत, "मी लहान आसताना हिरीच्या खालच्या अंगाला भांडं घिऊन उभी राहायची. वरून कुनी वतलं तर पानी. कंदी कंदी पाय धुतलेलं वतायचे. तवा ठरवलं हुतं, माज्या घरातनं पानी जाईल ते आरशावानी जाईल. कुनी नाक मुरडता कामा न्हाई."

संतापानं ओरडावं असं पिंकीला आतून वाटत होतं, आणि त्याच वेळी आईच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही झालं नाही. आईनं चहा टाकला, तो प्याली. निघताना स्वतः नळावर जाऊन एक गढूळ बाटली भरून घेतली. रतनबाईंनी ती बघितली आणि तोंड फिरवलं.

ऑफिसात पिंकीनं शुभदा मॅडमना सगळं खरं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "अगं, तुझी आई बरोबरच करते. पाणी असंच प्यायला हवं." आणि मग, "पण हे आता वर सांगावं लागेल."

वर सांगितलं. मॅडमनी शक्य तितक्या अदबीनं सांगितलं, पण लांब टेबलाच्या टोकाचे एक साहेब म्हणाले, "मग फिल्टर कशाला? तुरटीच वाटू की!" टेबल हसलं. आणि सवयीनं, साहेब हसले की हसायचं ह्या सवयीनं, पिंकीही हसली. पुरतं नाही, ओठांच्या कडेनं. ते तिच्या लगेच ध्यानात आलं आणि आपल्या तोंडात मारून घ्यावी असं तिला झालं. गढूळ बाटली टेबलावर तशीच उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. बाटल्यांवर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. साहेब म्हणाले, "पुढं असली घरगुती फंक्शनं नकोत. तयार नियम आहेत, तेच वापरा."

बाहेर आल्यावर शुभदा मॅडमनी तिचा दंड धरला. "एक वाट आहे. तुंबलेला फिल्टर. त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. तो आणू, कापू, माती किती खोल गेलीय ते दाखवू. तू खऱ्या मातीचं फंक्शन लिही, ते कापडाशी जुळलं की मी पुन्हा भांडते. तुमच्या मातीला जुळेल असं कापड बनवून देऊ. पण पाऊस ओसरत आलाय, आता नवीन फिल्टर घालून तुंबवायला वेळ नाही. तो एकच पुरावा. उद्या आपण दोघी जाऊ."

पिंकीनं आईला फोन लावला. लागेना. वस्तीवर वीज गेली की सगळ्यांचे फोन मरतात. मग श्रीपती आबांना लावला. "आबा, फिल्टर काढून आईपाशी ठेवा. आन् आईला सांगा, हात लावू नको. जसा हाय तसा राहू दे. उद्या मॅडम येनारेत."

"सांगतो की. जसा हाय तसा. आन् मॅडम येनार," आबा म्हणाले, आणि आबा शब्दाचे पक्के, दोन्ही गोष्टी त्यांनी नीट सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीची गाडी कान्ह्याचं रेल्वे फाटक ओलांडून आत वळली तेव्हा उघाड पडली होती. भातखाचरं चमकत होती. शुभदा मॅडम खिडकीतून बघत म्हणाल्या, "काय सुंदर आहे गं तुमच्याकडं." पिंकीचं तिकडं लक्ष नव्हतं. नवं फंक्शन तिच्या डोक्यात रात्रभर घोळत होतं आणि आता जवळजवळ तयार होतं. सॉफ्टवेअर विचारेल, ह्याला थांबवू की जाऊ देऊ? आणि ह्या वेळी उत्तर बरोबर असेल.

अंगण सारवलेलं होतं. आणि अंगणातल्या दोरीवर, सगळ्यांत पुढं, पांढरंशुभ्र काहीतरी वाळत घातलं होतं.

पिंकीनं ते ओळखलं. गाडीतून उतरायचं तिला सुचेना.

रतनबाई लगबगीनं पुढं आल्या. नवं लुगडं नेसलेल्या. स्टीलची टोपली राखेनं घासून पायरीवर उपडी घातली होती. ती चकाकत होती. "या, या मॅडम," त्या म्हणाल्या आणि पोरीकडं वळून कौतुकाच्या अपेक्षेनं बोलू लागल्या, "आबांनी सांगितलं गं, जसा हाय तसा ठिव म्हनून. पर बघवंना. निसता चिखल! कापडाच्या चुन्यात आतपातूर बसलेला. सोड्यात भिजवलं, चुन्या उसवल्या, दगडावर धोपाटनं घिऊन बसले. लोकांनी दिलं तवा नवं कोरं हुतं. माघारी देताना तसलं द्यायचं? बघ, कसं निगालं."

दोरीवरचं कापड वाऱ्यानं हललं. धोपाटण्यानं ठिकठिकाणी विरलं होतं, दोन जागी फाटलं होतं, आणि मातीचा एक कणही त्यात राहिला नव्हता.

शुभदा मॅडम दोरीपाशी जाऊन कापड बोटांत धरून बघून आल्या. पिंकी त्यांच्याकडं बघेना. मॅडमनी चप्पल काढली आणि ओट्यावर बसल्या. रतनबाईंनी आतून तांब्या-भांडं आणलं. भांड्यात पाणी असं होतं की तळाचा नक्षीकामाचा ठिपकाही स्पष्ट दिसावा. भांडं पुढं करताना त्यांनी त्याची कड पदरानं पुसली. मॅडमनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तोंडाला लावलं आणि एका दमात सगळं प्याल्या.

"छान आहे हो पाणी तुमचं," त्या म्हणाल्या. आणि खरंच छान होतं.

रतनबाईंनी भांडं परत घेतलं. उजळलेल्या चेहऱ्यानं त्या पिंकीकडं बघत राहिल्या. इतक्या वर्षांत आईचा चेहरा असा फुललेला पिंकीनं पाहिला नव्हता, आणि तो बघताना तिला पुरतं ठाऊक होतं की फिल्टर आता वलवणकडं जाणार, पुढच्या आषाढात ह्या नळाला तोच चहा येणार आणि आई तशीच तुरटी घेऊन बसणार.

"काय गं?" रतनबाईंनी विचारलं. "चांगलं धुतलं न्हाई का?"

पिंकीनं दोरीवरचं कापड काढलं, घडी घातली आणि छातीशी धरलं.

"लय चांगलं धुतलंस, आई," ती म्हणाली.